पांढऱ्या फुलांचे कुंपण

लिहून ठेवणार: डॉ. कोलोमान आंटोन प्लोडर, वय वर्षे एकाहत्तर, धंदा वनस्पतिशास्त्र व अनुवंशशास्त्र, हल्ली निवृत्त. राहणार क्लाइनग्राबेन, तेलगिरणीच्या वरच्या अंगाचे शेवटचे घर, फेल्डबाखजवळ, श्टायरमार्क.

माझे हृदय जानेवारीपासून स्वतःच्या मर्जीने चालते. डोके मात्र जागेवर आहे. ते जागेवर असल्याचा दाखला फेल्डबाखच्या डॉक्टरांनी दिला आहे, आणि नसल्याचा दाखला शेजारीण फिलोमेना ट्रुमर गेली पस्तीसएक वर्षे देत आली आहे. दोन्ही दाखले विचारात घेऊन, कुणाच्याही दडपणाखाली न येता, मी हे मृत्युपत्र करीत आहे. असे दस्त राजीखुशीने लिहिल्याचे नमूद करायची पद्धत आहे. राजी मी आहे. खुशीबद्दल खोटे लिहून दस्ताची सुरुवात करणार नाही.

हात थरथरतो म्हणून यंत्रावर टाइप करतो. हाताने लिहिले असते तर आमच्या कायद्याला साक्षीदार लागले नसते. टाइप केलेल्या मृत्युपत्राला तीन लागतात, आणि साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही मिळालेले चालत नाही, असे नोटरी श्री. हूबमान यांनी मला दोनदा समजावून सांगितले. दुसऱ्यांदा मीच सांगायला लावले, कारण ते मला फार आवडले. साक्षीदार म्हणून मी तिघांना बोलावणार आहे: तेलगिरणीचे मालक फ्लोरियान रौख, शाळामास्तर ओटमार जिंडल आणि वर सांगितलेली फिलोमेना ट्रुमर. म्हणजे तिला माझ्याकडून काडीही मिळणार नाही हे कायद्यानेच पक्के झाले. मला वेगळे लिहायला नको.

कलम पहिले. देहाबद्दल.

मला आईशेजारी पुरावे. पेटीवर फुले ठेवू नयेत. फुले तोडायचे काम मी आयुष्यभर पुरेसे केले आहे. अग्निशमन दलाचा बँड वाजवू नये. त्यांच्या ट्रम्पेटवाल्याला वरचा सूर लागत नाही, आणि मला त्या वेळी कान झाकता येणार नाहीत. बँडवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये म्हणून माझ्या बचतीतून अंत्यविधीचा खर्च वजा जाता जे उरेल ते दलाला नव्या पाइपासाठी द्यावे. पाइपासाठीच. ट्रम्पेटसाठी नव्हे.

कलम दुसरे. घर.

घर, रिकामा गोठा, कोठार, सफरचंदाची झाडे आणि घरामागची कुंपणापर्यंतची शेतपट्टी हे सर्व माझा भाचा डॉ. रुपरेख्ट वाइनहांडल याला. तो माझ्या दिवंगत बहिणीचा एकुलता एक मुलगा, व्हिएन्नात एका संशोधन संस्थेत असतो, आणि मुलगा चांगला आहे. त्याला इथे करमत नाही हा काही दोष नव्हे. त्याच्या वयात मलाही करमत नव्हते. त्याने घर विकले तरी माझी हरकत नाही. कोठारातला लांब बाक तेवढा विकू नये. त्याच्याबद्दल पुढे येईल.

कलम तिसरे. उपकरणे.

सूक्ष्मदर्शकही रुपरेख्टला. तो मी व्हिएन्नात हप्त्यांनी घेतला होता आणि शेवटचा हप्ता फेडायच्या आधीच लढाईवर गेलो. ग्राझला शिकत होतो तेव्हा मठातल्या त्या साधूने वाटाण्यांवरून काढलेले अनुवंशाचे नियम नुकतेच पुन्हा सापडले होते, आणि आमचे मास्तर ते असे शिकवीत की जणू कालच्या टपालाने आले आहेत. मला वाटले, जगातल्या प्रत्येक गोष्टीचा उलगडा आता दोन-चार वर्षांत होणार. त्यानंतर मोराव्हियातल्या एका बीजकेंद्रात वाटाण्याची फुले उघडून पुंकेसर खुडण्यात दोन उन्हाळे गेले, आणि गॅलिशियात खंदकात चार. खंदकात माझ्याबरोबर एक चिमटा होता. मी त्याने लोकांच्या अंगातले काटे आणि लोखंडाचे कण काढले. तो चिमटा अजून आहे. तो कुणाला द्यावा हे ठरवलेले नाही.

लढाईनंतर देश लहान झाला आणि माझी नोकरीही. व्हिएन्नातल्या माझ्या वरिष्ठांना मी भोपळ्यावर काम करतो हे पसंत नव्हते. "वाटाणा हा विषय आहे, प्लोडर," ते म्हणायचे, "भोपळा हे जेवण आहे." ते वारले आहेत आणि त्यांच्यावरचा राग मी या कलमान्वये सोडून देतो. त्यांच्या अंत्ययात्रेनंतरच्या जेवणात भोपळ्याचे सूप होते, तेव्हाच तो अर्धा गेला होता.

अडतीस साली जर्मनांनी देश ताब्यात घेतला आणि नवे साहेब आले. त्यांनी मला माणसांच्या वंशावर व्याख्याने द्यायला सांगितले. मी कळवले की माझा अभ्यास भोपळ्यापर्यंत आला आहे आणि माणसापर्यंत पोहोचायला अजून दोन-तीनशे वर्षे लागतील. हे शौर्य नव्हते. मला ते खरोखर येत नव्हते, आणि ज्यांना येते असे वाटत होते त्यांचे बोलणे मी शेवटच्या बाकावर बसून ऐकले होते. त्याच उन्हाळ्यात मला घरी पाठवण्यात आले. ती व्याख्याने ज्यांनी दिली त्यांतले काही आजही सन्मानाने पेन्शन खातात. हा राग मी कुणाच्या नावे करीत नाही. तो माझ्याबरोबर येईल.

कलम चौथे. बी.

सगळे मृत्युपत्र खरे तर या कलमासाठी आहे. रुपरेख्टच्या वकिलाला भोपळा म्हणजे सूप एवढेच ठाऊक असेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमच्या तेलाच्या भोपळ्याचे बी बिनसालीचे असते, हिरवे, नुसत्या पापुद्र्यात गुंडाळलेले. घाण्यात घालायला सुखाचे आणि पेरायला जिवावरचे. थंड ओल्या मातीत ते कुजते, आणि आमचा मे महिना थंड आणि ओला असतो. म्हणून सगळे जण मेच्या मध्यावरचा थंड सोफीचा, म्हणजे शेवटच्या गारठ्याचा, दिवस उलटेपर्यंत थांबतात आणि तरीही अर्धे शेत दुसऱ्यांदा पेरतात. डोंगरातल्या जाड सालीच्या भोपळ्याचा चिवटपणा या उघड्या बियांत आणायचा, एवढे एकच काम मी आयुष्यात केले. साल नसणे हा दबून राहणारा गुण. दोघांचा संकर केला की पहिल्या पिढीत तो नाहीसाच होतो. सगळ्या बियांना साल येते आणि शेजारी हसतात. दुसऱ्या पिढीत चारांत एक उघडा निघतो. त्या उघड्यांमधून जो कुजत नाही तो हुडकायचा, लावायचा, पुन्हा हुडकायचा. भोपळ्याला वर्षाला एकच उन्हाळा मिळतो आणि माणसाला मोजकेच.

ते बी आता आहे. स्वयंपाकघरात चुलीवरच्या फळीवर, निळ्या बिस्किटांच्या डब्यात. गेल्या वर्षी ते मी सोफीची वाट न पाहता, भर पावसात, हात गारठलेले असताना पेरले आणि ते उगवले. मी वाफ्याच्या कडेला बसून रडलो. कुंपणापलीकडून फिलोमेना ट्रुमर तिच्या कोंबड्यांना म्हणाली, की आता ह्यांना मातीतही सर्दी होते वाटतं. ती माझ्याशी बोलत नाही. मला ऐकू जावे ते कोंबड्यांना सांगते.

पण जानेवारीत मी इस्पितळात पडलो आणि डबा चुलीवरच राहिला. बिनसालीचे बी आधीच लवकर म्हातारे होते, त्यात त्याला महिनाभर ऊब लागली. मागच्या वर्षांचे जे होते ते उंदरांनी संपवले. डब्यात आहे तेवढेच जगात आहे, आणि या मे महिन्यात ते मातीत गेले नाही तर पुढच्या मेमध्ये ते उगवेल असे मी कुणालाही सांगणार नाही. शिवाय नुसते पेरून भागत नाही. मधमाशी पोहोचेल एवढ्या अंतरात दुसरा कुणाचा पिवळ्या फुलांचा भोपळा असेल, मग तो सुपाचा असो, डुकरांचा असो की शोभेचा असो, तर दोन पिढ्यांत सगळे पाण्यात. म्हणून संध्याकाळी उद्या उमलणारी कळी धाग्याने बांधून ठेवायची, सकाळी दव असतानाच सोडायची, नराचे फूल आतून फिरवायचे आणि पुन्हा बांधायची. रोज.

हा डबा मी रुपरेख्टच्या नावे करतो. त्याने कळवले आहे की बी संस्थेच्या शीतगृहात क्रमांक घालून ठेवेन आणि जागा व वेळ मिळाला की पाहीन. दुसरा शिकलेला वारस मला नाही. या कलमाने मला समाधान नाही, पण ते असे आहे.

कलम पाचवे. बाक.

पंचवीस सालचा ऑक्टोबर. मी व्हिएन्नात नोकरीला, पण भोपळे इथे, वडिलांच्या शेतात. सहा उन्हाळ्यांच्या निवडीतून उरलेली फळे मी दांड्याला लाल लोकर बांधून कोठारातल्या लांब बाकावर मांडली आणि त्यांच्याबद्दल व्याख्यान द्यायला व्हिएन्नाला गेलो. त्या आठवड्यात आमच्याकडे बी काढायची बैठक होती. आमच्या दरीत भोपळ्यांचा ढीग कोठारात ओततात, आळीतले सगळे जमतात, फळे फोडतात आणि हाताने बी काढतात. ढीग संपल्याशिवाय कुणी उठत नाही. ढीग उरला तर घरच्या बाईची लाज जाते. आई आजारी होती, म्हणून घरची बाई म्हणून त्या दिवशी मेना उभी होती. मेना म्हणजेच फिलोमेना ट्रुमर. आमचा साखरपुडा ठरत होता.

ढीग संपला. लोकांच्या हातात अजून जोर होता आणि सफरचंदाची वाइनही शिल्लक होती. कुणीतरी विचारले, ते बाकावरचे? तिने अभिमानाने सांगितले, तेही घ्या, आमच्याकडे काही उरत नाही.

मी परत आलो तोवर बी वाळून गिरणीतून तेल आले होते, आणि बी काढणाऱ्या सगळ्यांना त्याचे जेवण होते. घेवड्याच्या दाण्यांचे सॅलड होते, वर कांदा आणि नवे तेल. मी दोनदा वाढून घेतले आणि ताटली पावाने पुसून खाल्ली. मग विचारले, यंदाचे तेल इतके हिरवे कसे. तिने हसून सांगितले, तुझे ते लाल लोकरीचे होते ना, तेही त्यातच आहेत.

ते मी आयुष्यात खाल्लेले सर्वोत्तम तेल होते. शास्त्रज्ञ म्हणून हे नमूद करणे मला भाग आहे. त्यानंतर मी जे बोललो ते बी काढायला आलेल्या सगळ्यांदेखत बोललो, आणि ते टाइप करण्याजोगे नाही. मेनाने एप्रन सोडून बाकावर ठेवला आणि कुंपणापलीकडे आपल्या घरी गेली. तिने लग्न केले नाही. मीही केले नाही.

बाक रुपरेख्टने स्वतःकडे ठेवावा आणि त्यावर काही ठेवू नये.

कलम सहावे. तुंबे.

पुढच्या वसंतात मेना कुंपणाशी वाकून काहीतरी लावताना दिसली. जूनमध्ये कळले. पिंपातून वाइन उपसायला लागतात ते लांब मानेचे तुंबे तिने माझ्या शेतपट्टीला लागून, कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चढवले होते. सगळ्या गावाला अर्थ समजला. माझ्या भोपळ्यांशेजारी दुसरे भोपळे. रौखच्या वडिलांनी मला गिरणीत थांबवून सहानुभूती दाखवली. तेव्हापासून दर वर्षी, लढाईच्या वर्षांतही, ते तुंबे त्या कुंपणावर आहेत. आमचे विळ्याभोपळ्याचे नाते आहे असे गाव म्हणते, आणि त्यात भोपळा कोण यावर दोन मते आहेत.

आता या कलमाचा मुद्दा. माझ्या मृत्यूनंतर हे वाचले जाईल तेव्हा साक्षीदार फिलोमेना ट्रुमर हिला समोर बसवून पुढील मजकूर मोठ्याने व सावकाश वाचून दाखवावा: तुंब्याचे फूल पांढरे असते आणि संध्याकाळी उमलते. माझ्या भोपळ्याचे फूल पिवळे असते आणि सकाळी. दोन्ही वेगळ्या प्रजातींतली आहेत, त्यांचा संकर होत नाही, झालेला नाही आणि होणार नाही. तुझ्या तुंब्यांनी माझे एक बीसुद्धा बिघडले नाही. हे मला पहिल्या जूनपासून ठाऊक होते. मी सांगितले नाही, कारण सांगितले असते तर तू खरे भोपळे लावले असतेस.

एवढे वाचून झाल्यावर नोटरींनी तिच्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहावे. मला पाहता येणार नाही याचे वाईट वाटते.

इथपर्यंत टाइप करून झाले आणि सूप आले.

हे मृत्युपत्रात यायला नको, हे मला कळते. पण पाने पुन्हा टाइप करायचे त्राण माझ्यात नाही आणि पुढची कलमे याशिवाय समजणार नाहीत, म्हणून नोंद करतो. मी इस्पितळातून आल्यापासून सूप रोज दुपारी येते. आणणारी माझ्याशी बोलत नाही, भांड्याशी बोलते. आज तिने भांडे ठेवले आणि यंत्राशेजारचे कागद उचलले. मी म्हणालो, साक्षीदाराने सही तेवढी पाहायची असते, मजकूर नव्हे. ती भांड्याला म्हणाली, "न बघता मी कोंबडीसुद्धा घेत नाही. सही कुठली करते."

तिने एप्रनच्या खिशातून चष्मा काढला आणि खुर्चीवर बसून, ओठ हलवत, पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. बँडच्या कलमाला मान हलवली. बाकाच्या कलमाला तिचे ओठ थांबले. मग सहावे कलम आले. त्या कलमाच्या वाचनाला मी हजर असेन असे मी धरले नव्हते. मी सुपाकडे पाहत बसलो.

तिने कागद गुडघ्यावर ठेवला आणि पस्तीस वर्षांनी प्रथमच माझ्याकडे पाहून माझ्याशी बोलली.

"कोलोमान, पांढरं संध्याकाळी उमलतं आणि पिवळं सकाळी. त्यांची सोयरीक जमत नाही. हे मला कुणी सांगितलं असेल?"

मी म्हणालो, मला माहीत नाही.

"तूच. त्याआधीच्या ढिगांपाशी. हात कोपरापर्यंत भोपळ्यात आणि तोंडाचा पट्टा चालू. बाकीच्या पोरींना पोरं गाणी म्हणून दाखवायची, मला तू फुलांच्या वेळा सांगायचास. दोन हंगाम ऐकल्यात मी त्या."

मी विचारले, मग तुंबे लावलेस कशाला.

"खरे लावले असते तर तुझं वाटोळं झालं असतं. काहीच लावलं नसतं तर तुला वाटलं असतं, हिचा राग गेला. मग काय लावायचं होतं मी?"

इतकी वर्षे मी समजत होतो की मी तिला फसवतो आहे, आणि इतकी वर्षे ती माझे भोपळे सांभाळत होती. मला फार बरे वाटले आणि फार वाईट वाटले, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळे छातीत दुखले. तिने ते ओळखले आणि पाणी दिले. सूप निवले होते. तिने ते परत चुलीवर ठेवले, आणि डबा तिच्या नजरेस पडला.

"हाच का तो? हा पोराला देतोयस. तो पेरणार आहे का?"

मी म्हणालो, वेळ मिळाला की.

"मग गिरणीत दे. निदान तेल तरी निघेल. मागच्या वेळी चांगलं निघालं होतं."

मी हसलो. त्या तेलाचा विषय आमच्यात निघाला आणि काही फुटले नाही, असे पूर्वी कधी झाले नव्हते. तिने भांडे विसळले, हात पुसले आणि दारात जाऊन थांबली.

"यंदा तुंबे लावत नाही. कुंपण मोकळं आहे. काय लावायचं ते सांग."

मी म्हणालो, मेमध्ये मी असेन असे डॉक्टरांना वाटत नाही.

"तू असशील का, हे मी विचारलं नाही," ती म्हणाली. "काय लावायचं, ते विचारलं."

कलम सातवे. दुरुस्ती.

कलम चौथ्यातील निळ्या डब्याची तजवीज मी रद्द करीत आहे. तसेच कलम दुसऱ्यातील कुंपणालगतची शेतपट्टी आणि कलम पाचव्यातील बाक यांचीही. या तिन्ही वस्तू, आणि तिसऱ्या कलमात मोकळा राहिलेला चिमटा, मी शेजारीण फिलोमेना ट्रुमर हिला देत आहे. कलम सहावे वाचून दाखवायची आता गरज नाही.

रुपरेख्ट, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या संस्थेवर माझा राग नाही. तिथे यंत्रे आहेत, खते आहेत, माणसे हुशार आहेत. पण तुमच्या शेताच्या चारी बाजूंना कोण काय लावतो हे तुमच्या हातात नाही, आणि मधमाशी संस्थेचे कागद वाचत नाही. या दरीत फिलोमेना ट्रुमरने एकदा सांगितले की यंदा कुणी दुसरा भोपळा लावायचा नाही, तर कुणी लावणार नाही. पाद्रीबाबाही आपली झुकिनी उपटतील. मी आयुष्यभर कळ्या बांधत वाकलो, कारण शेजाऱ्यांना विनंती करण्याइतके माझे कुणाशी बरे नव्हते. या भोपळ्याला प्रयोगशाळा नको आहे. त्याला चांगला शेजार हवा आहे.

तुला बी हवे असेल तर दर ऑक्टोबरला मूठभर मिळेल. अट एकच. ते घ्यायला तू स्वतः यायचे, बाही वर सारून ढिगापाशी बसायचे आणि ढीग संपेपर्यंत उठायचे नाही.

मेनासाठी सूचना. बी एप्रिलअखेर लाव, सोफीला विचारू नकोस. पावसात लाव. गुडघे दुखतात तर बाक शेतात नेऊन बसून लाव. तो तसा बराच काळ रिकामा आहे. पहिल्या वर्षी कळ्या बांध, मग दरी तुझे ऐकते याची खात्री झाली की सोडून दे. चांगल्या फळाच्या दांड्याला लाल लोकर बांध. लाल लोकरीचे फळ ढिगात टाकायचे नसते. हे तुला सांगायला नको, तरी दस्तात असलेले बरे.

आणि पेरल्यावर पहिले पान वर आले की कुणालातरी सांग. कोंबड्यांना सांगितलेस तरी चालेल. मला ऐकू यायची सवय आहे.

कलम आठवे. नाव.

या वाणाला रुपरेख्टने माझे आडनाव सुचवले आहे. ते लावू नये. नोंद करायची झाली तर ‘शेजारीण’ या नावाने करावी, दुसऱ्या कुठल्याही नाही. हे एवढेच कलम मेनाला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली की गावात शेजारणी पुष्कळ आहेत, प्रत्येकीला वाटेल आपणच. मी म्हणालो, वाटू दे, म्हणजे प्रत्येकजण जपेल.

अखेर.

आज सकाळी रौख आणि जिंडल सहीला आले. मेनाही आली, चर्चला जायचा काळा कोट घालून. तिने टेबलावरचे पेन उचलले तेव्हा मला सांगावे लागले की तिची सही चालणार नाही. साक्षीदार म्हणून तिचे नाव मी खोडले आहे.

"म्हणजे आता सहीलाही नालायक ठरले मी," ती म्हणाली. आवाज जुनाच होता, कोंबड्यांशी बोलतानाचा. रौख खिडकीबाहेर पाहू लागला.

मी तिला सातवे कलम दिले. तिने ते उभ्याने वाचले, ओठ हलवत, आणि पहिला परिच्छेद दोनदा वाचला. मग चष्मा काढून पुसला. तो पुसायची गरज होती.

"फ्लोरियान," ती रौखला म्हणाली, "पोस्टमन गिरणीपाशी असेल, त्याला हाक मार. माझी सही इथं चालत नाही." मग तिने फळीवरचा निळा डबा उचलला, कानाशी धरून हलकेच हलवून पाहिला, आणि इथे ऊब फार आहे, असे म्हणून तो आपल्या तळघरात ठेवायला घेऊन गेली. मी अजून जिवंत असल्याने ही वाटणी कायद्याला धरून नाही. माझी तक्रार नाही.

वरील सर्व मजकूर माझा आहे, वाचून पाहिला आहे आणि बरोबर आहे.

स्थळ: क्लाइनग्राबेन, स्वयंपाकघर
दिनांक: २१ मार्च १९६२

(सही) डॉ. कोलोमान आंटोन प्लोडर

साक्षीदार:

१. (सही) फ्लोरियान रौख, तेलगिरणी मालक
२. (सही) ओटमार जिंडल, शाळामास्तर
३. फिलोमेना ट्रुमर, शेजारीण (नाव खोडले, कारण कलम सातवे)
३. (सही) ग्रेगोर निडरल, पोस्टमन

तिसऱ्या क्रमांकावरील खाडाखोड मी स्वतः, पूर्ण शुद्धीवर असताना केली आहे. राजीने आणि खुशीनेही.

को. प्लो.